नातं निघालं, कॉट गेली

लेकीचा अकरावीचा क्लास दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता आणि लातुरात तिला अजून कॉट मिळालेली नव्हती. तिथल्या मुलींच्या हॉस्टेलात खोली कुणी मागत नाही, कॉटच मागतात. खोलीचा तेवढाच तुकडा आपला. देगलूरहून सकाळी निघालेले आम्ही दोघं दुपारपर्यंत क्लासच्या मागच्या गल्ल्या फिरत होतो. घरागणिक हॉस्टेलची पाटी. परवडेल तिथं जागा नाही, जागा आहे तिथं परवडेना. बॅग लेकीच्या पाठीवर, गादीची वळकटी माझ्या खांद्यावर. जागा मिळायच्या आधीच गादी घेऊन फिरायची अक्कल अर्थातच माझी.

शेवटी एका घरात कॉट निघाली. खाली मालक राहायचे, वर मुली. चौघींच्या खोलीत एक जागा, डबा घरचाच, क्लास पायी जाण्यासारखा. भाडं मी न कुरकुरता मान्य केलं, यावरून ते किती कमी होतं ते समजून घ्यावं. लेक वर जाऊन गादी टाकून आली. जिना उतरताना तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा दिसला.

तिथं मी गप्प बसायचं होतं. पण समोरच्याचं गाव विचारल्याशिवाय आमच्याकडं चहा घशाखाली उतरत नाही. मी मालकीणबाईंचं माहेर विचारलं. ते मुखेडकडचं निघालं. मग कुणाच्या घरच्या, कुणाची भावकी, असं करत करत मी थेट माझ्या मेव्हण्याच्या सासरी पोचलो. मालकीणबाई मेव्हण्याच्या बायकोची चुलतबहीण निघाल्या. आता भाडं आणखी उतरणार, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

मालकांनी कप खाली ठेवला.

"मग तर अवघड झालं, पाव्हणं," ते म्हणाले. "नात्यातलं लेकरू मी ठेवत न्हाई."

आवाज न चढवता त्यांनी सगळं सांगितलं. मागं एका साडूची मुलगी ठेवली होती. भाजीत मीठ जास्त झालं तरी फोन आधी भावकीत फिरायचा, मग त्यांच्याकडं यायचा. एकदा उशिरा आली म्हणून तिला रागावले, तर साडूनं उंबरा चढणं बंद केलं. परक्याच्या मुलीला रागावता येतं, पाहुण्यांच्या नाही. मी म्हणालो, नातं निघालंच नाही असं धरू. ते हसले.

"निघालं की आता. तुमीच काढलं."

पाहुणे म्हणून मालकीणबाईंनी जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. भाकरीवर तूप वाढलं. मी जेवलो. लाज वाटायला हवी होती, राग तरी यायला हवा होता; दोन्हीपैकी काही आलं नाही. भाकरी मऊ होती, एवढं आठवतं. लेकीनं वर जाऊन गादी गुंडाळून आणली. मालकीणबाईंनी तिला कुंकू लावलं.

रस्त्यावर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पप्पा, पुढच्या ठिकाणी तुम्ही बोलू नका."

पुढचं परवडणारं ठिकाण गावाच्या पार टोकाला मिळालं. तिथं पुरुषांना फाटकाच्या आत सोडत नव्हते, त्यामुळं माझ्या बोलण्याचा प्रश्नच मिटला. लेक एकटी आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. ठरलं, म्हणाली. क्लासला रोज ऑटोनं जावं लागणार होतं. जागा कशी आहे विचारलं तर "हाय," म्हणाली. गादी घेऊन ती पुन्हा आत गेली. फाटक बंद झालं. मी थोडा वेळ तिथंच उभा होतो, मग वॉचमननं कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. कुणालाच नाही, म्हणालो आणि स्टँडवर आलो.

उदगीरला बस थांबली तेव्हा बायकोचा फोन आला. भाडं, डबा, पाणी, सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली, "कॉट खिडकीजवळ हाय का? लेकराला कोंदट सहन होत न्हाई."

"हाव," मी म्हणालो.

वारं येतं का, हेही तिनं विचारलं. मी येतं म्हणालो.