स्पेशल रूममधला तांब्या

भूतखेत, करणी, उतारा... यातलं काही आमच्या घरात चालत नाही. वडलांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा उचलून भीमेत सोडून आले, आणि त्याच्या मागोमाग आमचा मुंजाही गेला अन् वेताळही गेला. पुढं मी पंपाचा फिटर झालो. पाणी कुठनं येतं आणि कुठं मुरतं हे हुडकण्यात माझी हयात गेली. म्हणूनच ही गोष्ट मला जास्त छळते. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढं, दौंडच्या अंगाला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय सांगणार? गावच्या विहिरीत गाळ उरला होता. मळ्यातल्या एका विहिरीला थोडं पाणी होतं, पण आमच्या वस्तीतल्या बायकांना तिथं चढता येत नव्हतं. लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून हंड्यात ओतून घ्यायचं. माझी आई असं उन्हात उभी राहायची. तिचा तो हात पुढं केलेला आठवला की आजही डोक्यात तिडीक जाते.

अशात एका परदेशी संस्थेची बोअर मारायची गाडी आली आणि तिच्याबरोबर पीटर आला. डेन्मार्कचा. लालबुंद चेहरा, केस वाळल्या गवतासारखे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेलो, मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, म्हणून गाडीवर हेल्पर म्हणून लागलो. सरपंच आप्पांना बोअर चावडीसमोर पाहिजे होती. पीटरनं दगड बघितला, जमीन बघितली आणि सरळ आमच्या वस्तीत गाडी लावली. आप्पांचं तोंड असं झालं म्हणता! पण गोऱ्या माणसाला बोलणार कोण? पाणी लागलं. आईनं तिच्या तांब्यात पहिलं पाणी धरलं आणि त्याला दिलं. पितळी तांब्या, लग्नातला, त्याच्यावर तिचं नाव कोरलेलं – यमुनाबाई. गडी एका दमात प्यायला. तेव्हापासून त्याला तहान लागली की तो थर्मास बाजूला ठेवून त्या तांब्यालाच हात घालायचा.

मधे एकदा त्याचं बोट साखळीत सापडलं. मी त्याला शिरूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. टाके घातले, पट्टी बांधली, पैशाचं कुणी नाव काढलं नाही. स्वारी खूश. म्हणाला, आमच्या देशात असंच असतं, माणूस आजारी पडला की दारात कुणी पैसे विचारत नाही, सगळे मिळून आधीच भरलेले असतात. मी म्हटलं, तुमच्याकडं भरलेले असतात म्हणून विचारत नाहीत, आमच्याकडं विचारून मिळणार नाहीत म्हणून विचारत नाहीत. खूप हसला. त्याच्याकडं तरी कुठं पैसा होता? संस्था त्याला जेवण्यापुरतं द्यायची. पण हे आमच्या लोकांना पटवायचं कसं? गोरा म्हटला की श्रीमंत, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

त्याच उन्हाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली. आमच्या वस्तीतली माणसं शिरूरला नेली. तिथं खाटा पुरल्या नाहीत, व्हरांड्यात चटया टाकल्या, खिडकीच्या गजाला सलाईनच्या बाटल्या बांधल्या. बरीचशी माणसं चालत घरी आली.

मग पीटरला लागण झाली. उलट्या आणि जुलाब... सकाळी उभा असलेला माणूस दुपारपर्यंत चिपाड झाला. संस्थेच्या जीपमधनं निघालो. मी, ड्रायव्हर आणि आप्पा. शिरूरच्या दवाखान्यासमोर जीप थांबली. व्हरांडा भरलेला, पण चटईपुरती जागा होती. पीटरनं डोळे उघडून बघितलं आणि मला म्हणाला, "इथंच राहू. इथं चांगलं आहे."

आप्पा खाली उतरलेच नाहीत.

"गावाचा पाव्हणा हाय त्यो. त्याला हितं भुईवर, सतरा जातीच्या घाणीत निजवू? तालुका थुंकंल आमच्या तोंडावर. दौंडला घ्या गाडी."

मी विनवलं. त्याची स्वतःची इच्छा आहे, म्हटलं. आप्पा म्हणाले, इच्छा त्याची आन् अब्रू गावाची. दौंडला त्यांच्या साडूचं खाजगी हॉस्पिटल होतं. जीप तशीच उन्हात परत फिरली आणि आमच्या गावच्या फाट्यावरनं पुढं दौंडला गेली. पीटरनं सगळ्या वाटेत पुन्हा डोळे उघडले नाहीत.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. आता ते तिथं नाही आणि डॉक्टरांची मुलंबाळं आहेत. दुमजली इमारत, दारात कुंड्या, वर एकच स्पेशल रूम – पंखा, आरसा, पडदे. गोरा पेशंट बघून डॉक्टरांचा चेहरा खुलला. पीटरला वर नेलं, स्वच्छ चादरीवर झोपवलं. मग डॉक्टर आप्पांना म्हणाले, परदेशी पेशंटला आमचा रेट वेगळा आहे. आधी डिपॉझिट, मग सलाईन. आप्पा म्हणाले, संस्था देईल की, साहेबाचं सरकार देईल. मुंबईला ट्रंककॉल लावला. तो लागेना. लागला तेव्हा तिकडचा साहेब दौऱ्यावर. आप्पांनी स्वतः मात्र खिशात हात घातला नाही. अब्रू गावाची होती ना!

आणि तोंडानं पाणी बंद. त्या वेळी पुष्कळ डॉक्टर असंच सांगायचे, पाणी दिलं की उलटी होते म्हणून. त्याचा दोष मी देत नाही. पण सलाईनच्या बाटल्या? त्या कपाटात होत्या. जिन्यात बसलेल्या मला काचेतनं दिसत होत्या.

पीटरला मराठीतला सगळ्यात आधी आलेला शब्द पाणी. आतनं तोच ऐकू येत होता. "पाणी... पाणी..." आईनं निघताना तांब्या माझ्या हातात दिला होता. मला राहवेना. खालच्या माठातनं तो भरला आणि आत शिरलो. डॉक्टरांनी वाटेतच माझा हात धरला.

"कुठला रे तू? वस्तीतला ना? तुझ्या तांब्यातलं पाणी माझ्या स्पेशल रूममध्ये?"

तांब्या हिसकावून त्यांनी स्टुलावर ठेवला, पीटरच्या हातापासून एवढाच लांब, आणि वॉर्डबॉयनं मला दंड धरून बाहेर काढलं. दार लोटायच्या आधी मी बघितलं – पीटरची बोटं तांब्याकडं सरकत होती. दिवे लागायच्या आत तो गेला. काठोकाठ भरलेला तांब्या उशाशी ठेवून माणूस तहानेनं मेला.

बिलासाठी प्रेत अडवलं. मे महिन्याच्या उकाड्यात! आप्पा लघवीला म्हणून गेले ते गावालाच पोचले. संस्थेचा माणूस आला तेव्हा कुठं त्याला दौंडच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती मिळाली. तांब्या मागायला गेलो तर वॉर्डबॉयनं दारातनं हाकललं.

पुढं मी दौंडलाच पंपाचं काम शिकलो, दुकान टाकलं. पाच-सहा वर्षं झाली असतील. एका उन्हाळी दुपारी त्या हॉस्पिटलातनं बोलावणं आलं – पाणी राहत नाही, कुठंतरी गळती आहे. पाय उचलत नव्हता, पण धंदा तो धंदा. टाकी बघितली, लाईन बघितली, नळ बघितले. सगळं कोरडं ठणठणीत. तिथल्या आयाबाईला, शेवंतामावशीला म्हटलं, गळती कुठाय? ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "नळात न्हाई रं बाबा. डाक्टरच्या उशाशी."

स्पेशल रूममध्ये आता डॉक्टर स्वतः होते. ताप चढलेला, तहान तहान करत पडलेले. उशाशी ठेवलेलं पाणी बघता बघता नाहीसं व्हायचं. सलाईन लावली की बाटली संपायची आणि हात तसाच सुकलेला राहायचा. खाली ऑफिसात आणून झोपवलं, तिथंही तेच, म्हणून पुन्हा वर नेलं. पुण्याचा डॉक्टर येऊन मान हलवून गेला. बाईंना, म्हणजे त्यांच्या मिसेसना, वाटलं छपरातनं, भिंतीतनं काही शोषलं जातंय, म्हणून फिटर!

मी आत गेलो. तेच स्टूल, आणि स्टुलावर पितळी तांब्या. फिरवून बघितला – यमुनाबाई. इतकी वर्षं हे लोक आमच्या तांब्यातनं पीत होते तर.

मी तांब्याखाली वर्तमानपत्र घातलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. तांब्या भरून ठेवला आणि नजर न हलवता बसलो. पाणी उतरत गेलं. उकळी नाही, वाफ नाही, खाली कागदावर एक ठिपका नाही. माणूस प्यायल्यावर उतरतं तसं, दमादमानं उतरलं. मधे थांबलं आणि पुन्हा उतरलं. तांब्या उलटा करून बूड चाचपलं, कुठं चीर नव्हती.

डॉक्टरांनी मला ओळखलं. ओठ फुटून रक्त आलेलं. म्हणाले, "तू पाज. तुझ्या हातनं कदाचित..."

पाजलं. तांब्या जड होता, मी तो त्यांच्या तोंडाला लावला, धार पडताना डोळ्यानं बघितली. घसा हलला. तांब्या हलका झाला. आणि ओठ कोरडे, जीभ कोरडी, उशी कोरडी. पुन्हा भरला, पुन्हा तेच. डॉक्टर रडायला लागले, पण डोळ्यातनंही काही येत नव्हतं. मला दया आली का? खरं सांगतो, नाही आली. पण मेलेल्याचा हिशेब जित्या माणसाच्या घशात बसलेला मला बघवेना.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ह्या घरातनं बाहेर निघा. शिरूरला सरकारी दवाखान्यात नेतो तुम्हाला. व्हरांड्यात चटई मिळंल. पीटरला तिथंच थांबायचं होतं. तिथं तुम्हाला पाणी मिळतंय का बघू."

त्यांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"मी?" डॉक्टर म्हणाले. "सरकारी दवाखान्यात, भुईवर? अरे, दौंडमध्ये तोंड दाखवायला जागा राहील का?"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. ऊन कललं तेव्हा श्वास थांबला. शिरूरच्या व्हरांड्यात त्यांना पाणी मिळालं असतं की नाही, देव जाणे... म्हणजे देवही मी मानत नाही, पण दुसरं कोण जाणे? पाण्याच्या खात्यातल्या एका शिकलेल्या इंजिनिअरला मी हे सांगितलं. तो म्हणाला, उन्हाळ्यात बाष्पीभवन होतं. मी म्हटलं, झालं असेल. भांडत बसलो नाही.

त्या दिवशी वर रडारड सुरू झाली तेव्हा मी तांब्या उचलला आणि खाली आलो. कुणी हाकललं नाही. अंगणातल्या नळावर तो घासला, काठोकाठ भरला आणि पायरीवर ठेवून बघत बसलो. पाणी हललं नाही. थेंबभरसुद्धा उतरलं नाही. बराच वेळ वाट बघितली, मग उचलून उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला.