संग्रहालयात मी लावलेलं लग्न

चहाचा कप आधी खाली ठेवा. मधेच ठसका लागला तर मला बोल लावू नका. त्या रविवारी मी जो घोळ घातला ना, त्यानंतर आमच्या कोन गावातल्या बायका मला बघितलं की अजून पदर तोंडाला लावतात. समोर हसायची हिंमत नाही कुणाची, ते सोडा!

मी यमुनाबाय. शाळा चौथीपर्यंत, तोंड मात्र वकिलाच्या वर. आणि कामाने धवलारीण. म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो वा नसो, धवले गायला धवलारीण लागतेच. देवांना बोलवायचं, हळद चढवायची, नवरानवरीची नावं घेऊन त्यांची गाठ बांधायची, हे सगळं गाण्यातून. मला सासूने शिकवलं. शिकवताना एक गोष्ट डोक्यात खिळ्यासारखी ठोकली. धवल्यात ज्यांची नावं घेतली, त्यांचं लग्न लागलं. मग कुणाच्या बापाला सुटत नाही.

आता पनवेलात जुन्या वस्तूंचं एक छोटं संग्रहालय आहे. तिथे रविवारी काही ना काही चालू असतं. कधी जुन्या नाण्यांचं, कधी इथल्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरांतल्या जुन्या फोटोंचं. मागे मिठागरांवर कार्यक्रम झाला, तेव्हापासून आमच्या सासऱ्यांचं मीठ ओढायचं लाकडी अवजार तिथे काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी, वर दिवा! आमच्या घरी होतं तेव्हा आम्ही त्याने कोंबड्या हाकलायचो.

ते सगळं बघणाऱ्या मंजिरी मॅडम एक दिवस घरी आल्या.

"यमुनाताई, आगरी लग्नाचं प्रात्यक्षिक ठेवतोय. नवरानवरी आमच्यातलेच दोघं बनतील. तुम्ही धवले म्हणायचे. पण हं, अगदी खरंखुरं वाटलं पाहिजे!"

"मला खोटं येतच नाय, मॅडम," मी म्हटलं.

बाईने मला हे सांगायला नको होतं. मी आठवडाभर घरात नुसती गात होते. भांडी घासताना धवला, कोळंबी सोलताना धवला. आमचं माणूस म्हणालं, "अगं, खोटं लगीन हाय ना? मंग घसा कशाला फोडतेस?" मी ऐकते होय?

रविवारी जाऊन बघते तर काय सांगू! हॉल माणसांनी भरलेला. उंबराची फांदी मी घरून नेली होती, ती मधोमध बांधली. पाट, तांदूळ, हळद, अंतरपाट, सगळं मांडलं. नवरी बनली होती श्रुती. कॉलेजात जाणारी, चुणचुणीत पोर. नवरा झाला होता केदार, तिथला पडद्यावर चित्रं दाखवणारा माणूस. हळद लावता लावता मी पोरीला सगळं विचारून घेतलं. घर कुठे, बाप काय करतो, भावंडं किती. एवढ्या चौकशा केल्या, पण साखरपुडा झालाय का, तेवढं विचारलं नाही!

मग घेतला माईक आणि लावला आवाज. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, नवरानवरीची नावं घेऊन गाठ बांधली. शहरातल्या माणसांना आमचं एक अक्षर कळत नव्हतं, पण माना अशा डोलत होत्या, जशा काय त्यांच्याच मांडवात बसल्यात. शेवटी अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. आमचं माणूस पुढच्याच रांगेत बसलं होतं. गालातल्या गालात हसत वडापाव खाल्ला आणि कोंबड्या कोंडायच्या म्हणून स्कूटरवरून घरी गेलं. पोरगी पण पाहुणे यायचेत म्हणून घाईघाईने निघाली.

इथवर सगळं झकास. मी खुर्चीत पाय पसरून चहा घेत होते. शेजारी हिरव्या साडीतली एक बाई येऊन बसली.

"काय शोभून दिसत होता हो नवरदेव!"

"व्हय. केदार ना? गुणी पोर हाय."

"गुणी? माझ्याच नवऱ्याला माझ्याच समोर बोहल्यावर चढवलंत तुम्ही!" आणि बाई खो खो हसायला लागली. "दोन पोरं आहेत आम्हाला!"

माझा निम्मा चहा पदरावर सांडला. म्हणजे मी एका बायको असलेल्या माणसाचं दुसरं लग्न लावलं? तेवढ्यात मंजिरी मॅडम आल्या आणि हसत म्हणाल्या, "श्रुतीची तर रंगीत तालीमच झाली. तिचा साखरपुडा झालाय, दिवाळीनंतर लग्न आहे."

झालं! पोरीला सवत, आणि तीही साखरपुडा झालेला असताना!

"मॅडम, घात झाला! मी त्यांचं लगीन लावलं!"

"अहो ताई, प्रात्यक्षिक होतं ते. बाहेर बोर्ड लावलाय ना."

"देव काय बोर्ड वाचून येतात? मी बोलावलं, ते आले! आता त्यांना काय सांगू, गंमत होती, जा घरी?"

मॅडम नुसत्या हसत होत्या. शिकलेल्या माणसाला घाबरायचं कधी ते कळत नाही, असं मनात म्हटलं आणि रिक्षा केली. पोरीच्या आईला सांगायचं, देवीला नारळ फोडून तिला मोकळी करून घ्यायची, असा सरळ विचार. आता सरळ विचार हाच माझा शत्रू आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं!

नवीन पनवेलात दुसऱ्या मजल्यावर घर. दार आईनेच उघडलं.

"श्रुतीची आई तुमीच?"

"हो. आपण?"

"मी धवलारीण. तुमी आधी खाली बसा. तुमच्या पोरीचं लगीन लागलंय."

"लागलं कुठे अजून? दिवाळीनंतर आहे," बाई हसून म्हणाली.

"नाय. लागलं. मगाशीच. मीच लावलं."

बाईचं हसू जागच्या जागी वाळलं. "कोणाशी?"

"केदार नावाचा हाय. माणूस चांगला हाय हो, पण त्याला बायको हाय. आणि दोन पोरं."

बाई चपलांच्या कपाटावरच बसली. मला वाटलं, चला, एकदाचं सांगून झालं. आत बघते तर सोफ्यावर काठपदराच्या साडीतली एक बाई. हातात पोह्यांची बशी, चमचा तोंडापर्यंत येऊन थांबलेला. मी म्हटलं, "तुमी पण ऐका, मावशी. घरातल्या मोठ्या माणसाला असलं सगळं ठाऊक पायजे."

तिने बशी हळूच टेबलावर ठेवली. "मी मुलाची आई."

"कुठल्या मुलाची?"

"ज्याच्याशी हिच्या मुलीचं लग्न ठरलंय, त्या!"

आता मला सांगा, अशा वेळी शहाण्या बाईने काय करावं? गप्प बसावं. मी काय केलं? पोरीची बाजू घ्यायला गेले!

"तुमी तिला वाईट समजू नका. तिने काय नाय केलं. ती बिचारी नुसती हसत होती."

"हसत होती?"

"नवरी हसणारच ना! एवढी माणसं, टाळ्या, फोटो..."

"माणसंही होती?" विहीणबाई उठल्या. "म्हणजे अख्ख्या पनवेलला माहीत, फक्त आम्हालाच नाही! मी आत्ता फोन लावते मुलाला."

श्रुतीची आई रडत म्हणाली, "अहो थांबा ना, ही बाई कोण आहे ते तरी बघू!" आणि मी छाती पुढे काढून म्हणते कशी, "मी खोटं बोलत नाय! हळद या हाताने लावलीय!" सांगा, माझ्यासारखी माझी वैरीण दुसरी कोण असेल?

तेवढ्यात दारात श्रुती, हातात पाहुण्यांसाठी वाटेत घेतलेला मिठाईचा पुडा. गालावर हळद तशीच! तिला बघून आईने जी किंकाळी फोडली, खालचा वॉचमन वर आला.

"अगं आई, काय झालं? संग्रहालयात प्रात्यक्षिक होतं! सकाळी सांगितलं ना, कार्यक्रमाला मदत करायला जातेय?"

"मदत? लग्न करून मदत?"

पोरीने सगळं समजावून सांगितलं. नाटकासारखं असतं, केदारदादा तर मला बहीण मानतो, वगैरे. आईचा जीव भांड्यात पडला. विहीणबाई पण पर्स बाजूला ठेवून बसायला लागल्या. तिथेच मिटलं असतं हो! पण नाही. मी होते ना!

"नाटक नाय ते," मी म्हटलं. "धवला खरा होता. नाव घेतलं की लागलं."

विहीणबाई अर्ध्या बसल्या होत्या, त्या परत उभ्या राहिल्या. "माझं माहेर उरणचं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बदलला होता. "माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय मी. धवलारणीने नाव घेतलं की गाठ बसली. खरंच नाव घेतलंत तुम्ही हिचं?"

मी मान खाली घातली. "घेतलं."

"मग मला हे लग्न चालायचं नाही."

श्रुतीची आई माझ्याकडे अशी बघत होती, की मला त्या दुसऱ्या मजल्यावरून उडी मारावीशी वाटली. पोरीचे डोळे भरून आले. आत्तापर्यंत ती हसण्यावारी नेत होती, पण आता तिचा चेहरा बघवेना. एका गाण्यापायी मी पोरीचा संसार मांडायच्या आधी मोडला! मनात म्हटलं, देवी, या पोरीला वाचव. पुन्हा माईक हातात धरणार नाही.

श्रुतीने डोळे पुसले. "माझ्या मैत्रिणीने व्हिडिओ काढलाय. काकू, तुम्हीच बघा. नाव कुठे घेतलंय ते मला तरी ऐकू आलं नाही."

मोबाईल टेबलावर ठेवला. आम्ही चौघी डोकं लावून बसलो. वॉचमन पण दारातून वाकला. माझा आवाज यायला लागला. चांगला आला होता हो, खोटं कशाला बोलू! गणपती झाले, गावदेवी झाली, आणि आली नावांची ओळ. मी डोळे गच्च मिटले.

विहीणबाई म्हणाल्या, "परत लाव."

परत लावलं.

"यमुना नवरी पाटावर बसली, म्हणतेय ही. ही यमुना कोण?"

मी डोळे उघडले. "मी."

"आणि बाळाराम नवरा म्हणतेय. तो कोण?"

आता आली पंचाईत! आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हटलं, "ते... आमचं माणूस."

अहो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! आठवडाभर घरात तालीम करताना दुसऱ्या कुणाची नावं कशी घालणार? उगाच कुणाची गाठ बसली तर? म्हणून मी आमची दोघांची घालत होते, त्यांचं आलं की ओठातल्या ओठात. आमचं तर लागलेलंच, आणखी काय बिघडणार! आणि माईकसमोर गेल्यावर जिभेला जी सवय लागली होती, तीच नावं बाहेर पडली. पोरीचं नाव घेतलंच नव्हतं मी! सुटली पोरगी!

मी हुश्श करून सरळ जमिनीवरच बसले. विहीणबाईंनी व्हिडिओ बंद केला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग अशा हसल्या की टेबलावरचे पोहे सांडले. आईने मला पाणी दिलं, चहा दिला, वर चार लाडू डब्यात घालून दिले. मला वाटतं मी लवकर जावं म्हणून दिले असणार. विहीणबाई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "दिवाळीनंतर धवले गायला तुम्हीच यायचं. पण यमुनाबाई, नवरा तेवढा आमचा घ्या, तुमचा नको!"

मी घरी आले. आमचं माणूस ओटीवर बसलं होतं. सगळं सांगितलं. वाटलं, चकित होईल. तर हा बाबा शांतपणे म्हणतो, "मी आयकलं ना. पुढंच तर बसलेलो."

"आयकलं? मंग तिथंच बोललात का नाय? माझा जीव जायची पाळी आली!"

"लग्नातल्या उखाण्यानंतर आज पयल्यांदा माझं नाव घेतलंस. ते पण माईकवर, एवढ्या माणसांत. मी कशाला अडवू? मला वाटलं, तुलाच परत लगीन करावंसं वाटलं." मग पाय लांब करून म्हणाला, "पण आता लागलंय ना, मंग रीत पाळ. नवी नवरी पाच दिस मान वर करत नाय, तोंड उघडत नाय."

आता मी काय रीत मोडणारी बाई आहे? मान खाली घातली, तोंड मिटलं, आत जाऊन चहा ठेवला. कप आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. एक शब्द बोलले नाही!

त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कमी हाय."

त्यानंतर मी जे बोलले, त्यावरून आजूबाजूच्या तीन घरांना कळलं, की यमुनाबायचं लग्न जुनंच आहे.