उठलं की एक गुण कापला

आमच्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी निकाल असतो. शाळेचा नाही, शाळेतून मी केव्हाच निवृत्त झाले. हा वर्षभरात आलेल्या नव्या गाण्यांच्या अल्बमांचा निकाल. पहिला कोण, दुसरा कोण आणि कोणाला दहातसुद्धा जागा नाही, हे आम्ही चार जण ठरवतो आणि मी ते बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकते. प्रत्येक अल्बमबद्दल चार ओळी लिहिते. कोणी वाचतं का? वाचतात की! पहिल्या वर्षी पार्किंगच्या भांडणातून जरा विरंगुळा म्हणून वाचलं असेल, पण आता थंडी पडायला लागली की जिन्यात अडवून विचारतात, "मॅडम, यंदा कोण?"

हे खूळ आमच्या मुलीने डोक्यात भरवलं. ती तेव्हा कॉलेजात होती. जेवताना आमचं नेहमीचं सुरू होतं, हल्लीच्या गाण्यांत काही दम नाही, सगळी सारखीच वाटतात वगैरे. तिने विचारलं, "हल्लीचं शेवटचं काय ऐकलंत?" आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. "म्हणजे न ऐकताच नापास? आई, तू पेपर न वाचता मार्क देतेस का गं?"

हे मला फार झोंबलं. पेपर न वाचता मार्क देणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्याशी कडाकडा भांडलेही आहे. म्हटलं, ठीक आहे बाई, वर्षभर ऐकते आणि मग बोलते. वर्षभर ऐकलं आणि बोलायची पंचाईत झाली, कारण त्यातलं बरंच आवडलं होतं.

आता हे चार जण कोण ते सांगते. एक मी. दुसरे आमचे हे. सगळी नोकरी इथे नाशकातच, अंबडच्या कारखान्यात गेली, त्यामुळे गाणंसुद्धा मशीनसारखं ऐकतात. "ढोल जरा ढिला वाटतो, आवळायला हवा होता," असं काहीतरी म्हणतात. हॉलमधले दोन स्पीकर यांनीच जोडलेत, माझ्या कपाटाएवढे. तिसरे समोरच्या फ्लॅटमधले काका. वयाने आमच्याच बरोबरीचे, पण मुलगी लहानपणापासून काका म्हणते म्हणून आम्हीही काकाच म्हणतो. बँकेत होते. मार्क देताना अर्ध्याचाही अर्धा करतात. आणि चौथी माझी धाकटी बहीण, निफाडकडे दिलेली. तिची द्राक्षाची बाग आहे आणि आम्हा सगळ्यांत जास्त गाणी तीच ऐकते, कारण हात बागेत गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. एकदा एका फार नावाजलेल्या अल्बमबद्दल म्हणाली, "गोड हाय ताई, लय गोड हाय. पण मला झोप यायला लागली आन् कात्री बोटावर आली." त्या अल्बमबद्दल मी ग्रुपवर तेवढंच लिहिलं. त्याहून नेमकं काय लिहिणार?

बैठकीत अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकायचा. मधे बोलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम माझा आहे. अल्बम चालू असताना कोणीही जागेवरून उठलं, की त्या अल्बमचा एक गुण कापायचा. दाराची बेल वाजली तर माफ. बाकी काहीही कारण चालणार नाही.

हा नियम यांच्यामुळे करावा लागला. गाणं कंटाळवाणं झालं की यांना तहान लागायची, आणि नंतर विचारलं की म्हणायचे, "छान होता हो!" छान होता तर मग दोनदा पाणी प्यायला कशाला गेलात? माणसाचं तोंड भिडेखातर काहीही बोलतं. बूड खरं बोलतं. त्यामुळे आम्ही सगळी कामं उरकून, गॅस बंद करून, ओटा पुसूनच बसतो. बहीण मांडीवर हरभऱ्याचे डहाळे घेऊन सोलत बसते. हात चालवायला हरकत नाही, फक्त उठायचं नाही.

यंदा मात्र निकालाच्या आधी आठवडाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कारण यंदाच्या अल्बमांत एक आमच्या मुलीचा होता.

ती पुण्यात नोकरी करते. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, आवाज घुमू नये म्हणून खोलीत गादी उभी करून तिने आठ गाणी रेकॉर्ड केली. शब्द तिचे, चाली तिच्या, आवाज तिचा. मला आधी एकही ऐकवलं नाही. अल्बम आल्यावर फोन केला आणि म्हणाली, "आई, ऐकायचा तो निकालाच्याच दिवशी. सगळ्यांबरोबर."

मी म्हटलं, "घरचा अल्बम आहे, आम्ही दोघं मार्क देत नाही. काका आणि मावशी देतील."

"नाही. तुझे मार्क पाहिजेत. बाकीच्यांनी नाही दिले तरी चालेल. आणि हे बघ, घरचा म्हणून वाढवू नकोस, आणि लोक काय म्हणतील म्हणून कापू नकोस. मला कळतं." मग म्हणाली, "दुसरा करायचा की नाही, ते मी त्याच्यावर ठरवणार आहे."

जगात एवढे ऐकणारे पडलेत, आणि हिला निकाल पाहिजे तो माझा! मला भीती एकाच गोष्टीची वाटत होती, की मला तो आवडणार नाही. मग मी काय करणार होते? खोटं बोलले तर ती ओळखणार. खरं बोलले तर ती गाणं सोडणार. मी तसं यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "तू उगाच टेन्शन घेतेस. मला आवडणारच आहे." यांचं बरं असतं, यांना आपलं सगळंच आवडतं.

निकालाचा रविवार उजाडला. बहीण सकाळच्या एसटीने आली, स्वेटरवर शाल, शालीवर स्कार्फ. "आमच्याकडं लय गारठा हाय, तुमच्या नाशकात काय नाय," असं म्हणत तिने डहाळ्यांची जुडी माझ्या स्वच्छ ओट्यावर आपटली. काका पेन खिशाला लावून आले. वर्षभराच्या चाळणीतून शेवटच्या फेरीला चार अल्बम राहिले होते, आणि पाचवा मुलीचा. आधी मुंबईच्या एका रॅपवाल्याचा झाला. शब्द इतके भराभर की काका नुसते ओठ हलवून "हळू, हळू" म्हणत होते, पण उठलं कोणी नाही. मग एका बाईंचा नुसत्या सतारीचा. मग दोन भावांचा, ज्यात पहिली तीन गाणी फक्कड आणि पुढे नुसतं पाणी वाढवलेलं. हे तहान लागून उठले, गुण कापला. मग बागलाणकडच्या पोरांनी अहिराणीत केलेला. त्याला बहीण बसल्या जागी डुलत होती, आणि काकांचा पायसुद्धा हलला. मी पाहिला.

मग यांनी मुलीचा लावला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी पदराचं टोक बोटाला गुंडाळून बसले. आवाज आमच्याच पोरीचा, पण मला माहीत नसलेला. घरात ती ओरडते, हसते, फोनवर तासन्‌तास बोलते, पण असा सावकाश, ऐकणाऱ्याला जागा ठेवणारा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दुसरं गाणं मला आवडलं नाही. उगाच लांबलंय. तिसऱ्यात मी पदर सोडला. चौथं संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी मार्क द्यायचे विसरून नुसतीच ऐकत बसले आहे. आवडत होतं हो मला! जीव भांड्यात पडला म्हणतात, तसंच झालं.

पाचवं गाणं अगदी हळू सुरू झालं. सुट्टीच्या दुपारचं गाणं होतं, घरात सगळे आहेत, कोणाला कुठे जायचं नाही. डोळे मिटले मी. इतकं बरं वाटत होतं, की दिवाळीत सगळे घरी असतात तेव्हाची दुपार समोर दिसायला लागली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मी मनात मोजत होते, वरणाला आमच्याकडे तीन लागतात. तिसरी झाली आणि मी ताडकन उठले.

"एवढी माणसं घरात, पण शिट्टी ऐकू येते ती मला एकटीलाच!" असं पुटपुटत स्वयंपाकघरात गेले आणि गॅसचं बटण बंद करायला हात पुढे केला. गॅस बंदच होता. कुकर सकाळपासून घासून जाळीत पालथा घातलेला. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. अगं बाई! शिट्टी गाण्यात होती.

परत आले तर काय, तिघंही हसून लोटपोट. आवाज करायचा नाही म्हणून काकांनी तोंडात रुमाल कोंबला होता. बहिणीच्या मांडीवरचे सगळे हरभरे जमिनीवर पळाले होते. आमचे हे तर हसत होते की रडत होते कळेना, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी उठले म्हणून एवढं हसायचं? मला राग आला, पण अल्बम चालू असताना बोलायचं नाही हा नियमही माझाच. गुपचूप बसले आणि उरलेली तीन गाणी ऐकली. तीही छान होती. शेवटचं तर फारच.

संपल्यावर मी म्हटलं, "झालं तुमचं हसून? माणसाला सवय असते. हे उठणं धरायचं नाही."

काकांनी चष्मा पुसला. "वहिनी, नियमात दाराची बेल आहे. कुकर नाही."

"अहो, पण गाणं कंटाळवाणं झालं म्हणून मी उठले का?"

"कारण चालणार नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

यांनी नेहमीप्रमाणे, "जाऊ द्या ना, पोरीचा पहिलाच अल्बम आहे," असं सुरू केलं आणि मी यांना गप्प केलं. पहिला असो नाहीतर दहावा. मार्कांच्या चिठ्ठ्या उघडल्या. मुलीचे आणि अहिराणीवाल्यांचे गुण अगदी बरोबरीचे भरले. त्यातला मुलीचा एक गेला, माझ्यामुळे. पहिले अहिराणीवाले, दुसरी ती.

"त्या गाण्यात नंतर काय झालं, ते तिलाच विचार," हे म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले. फोन घेऊन मी गॅलरीत गेले. तिने पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे हातात धरूनच बसली होती.

"दुसरी आलीस," मी म्हटलं. "दुसरं गाणं लांबलंय, ते कमी करायला हवं होतंस. बाकी..." मी दोरीवरचा टॉवेल उगाच सरळ केला. शेवटी म्हटलं, "बाकी मला फार आवडला गं. फार म्हणजे फार. घरचा म्हणून नाही."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरोबरीने पहिली आली असतीस," मी म्हटलं, "पण एक गुण कापला गेला."

"कोण उठलं? बाबा?"

"मी."

"कुठल्या गाण्याला?"

"पाचव्या."

"तिसऱ्या शिट्टीला?" ती किंचाळलीच. "आई! म्हणजे पुढचं तू ऐकलंच नाहीस?"

"काय पुढचं?"

"दिवाळीत डायनिंग टेबलवर मी छोटा रेकॉर्डर ठेवला होता, आठवतं? तू विचारलंस हे काय, मी म्हटलं काही नाही, तुझं चालू दे. ती शिट्टी आपल्याच घरातली आहे. आणि त्याच्यानंतर तू आहेस. साऊंडवाला म्हणाला, ती मधे बोलणारी बाई काढून टाकू का? मी म्हटलं, हात तर लावून बघ."

मी फोन तसाच कानाला धरून हॉलमध्ये आले. यांनी काही न विचारता पाचवं गाणं पुन्हा लावलं. आता कोणी हसत नव्हतं. दुपार आली. एक शिट्टी, दुसरी, तिसरी. मग माझ्या चपला फटक फटक करत हॉलमधून स्वयंपाकघराकडे गेल्या. बांगड्या वाजल्या. गॅसचं बटण टक्‌ करून बंद झालं. आणि माझा आवाज आला, जरा वैतागलेला, जरा लाडात आलेला. मला माहीतच नव्हतं की मी अशी ऐकू येते.

"एवढी माणसं घरात, पण शिट्टी ऐकू येते ती मला एकटीलाच!"

त्या शेवटच्या शब्दाचा जो सूर होता, तोच धरून पोरीने पुढची ओळ उचलली होती.

फोनवर ती विचारत होती, "आई, ऐकलंस?" मी मान हलवत होते. फोनवर मान दिसत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. मग बहिणीनेच फोन घेतला आणि म्हणाली, "ऐकलं बाई. रडती हाय. तू दुसरा कर."

चहा झाल्यावर काकांनी विचारलं, "मग वहिनी, तो गुण परत द्यायचा का?" मी म्हटलं, मुळीच नाही. उठले ती उठले. दुसरी म्हणजे दुसरीच. आणि ग्रुपवर निकाल लिहायला बसले. पहिल्या क्रमांकाबद्दल चार ओळी लिहिल्या. मग दुसऱ्या क्रमांकाखाली लिहिलं, "आवाज सावकाश आणि खरा. दुसरं गाणं लांबलं आहे. पाचव्या गाण्यात एक बाई मधेच बडबडते. तिला काढलं नाही, हे फार बरं केलं."