गच्चीची किल्ली

मिरची वाळवायला मोकळी जागा आणि ऊन लागतं, आणि लालबागमध्ये दोन्ही एकत्र मिळणं कठीण. आमच्या चाळीच्या गच्चीवर ते मिळायचं. पिशव्या घेऊन दारोदार मसाला विकण्यापासून मी सुरुवात केली, आता स्वतःचं दुकान आहे. पण मिरच्या अजून त्याच गच्चीवर वाळतात. म्हणून गेल्या चैत्रात गच्चीच्या दाराला नवं कुलूप दिसलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

कुलूप वरच्या मजल्यावरच्या काकींनी लावलं होतं. त्यांची खोली गच्चीच्या जिन्याला लागून. पंचाहत्तरी ओलांडलेली, एकट्या राहतात, मुलगा बदलापूरला. विचारलं तर म्हणाल्या, गच्ची गळते, पोत्यांचं वजन नको. गच्ची गळत नाही हे सगळ्या चाळीला माहीत होतं.

रविवारी सकाळी चाळीची बैठक बसली. घासाघीस करण्यात माझं आयुष्य गेलंय. समोरच्याला काय हवंय ते आधी ओळखायचं आणि आपली अडचण शेवटपर्यंत कळू द्यायची नाही. म्हणून दुकानात जेमतेम आठवड्याचा माल उरलाय, हे मी बोललेच नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "काकी, वर्षाचा मसाला माझ्याकडून फुकट घ्या. पाच किलो."

"माझी किंमत पाच किलो काय गो?" त्या म्हणाल्या. "काल दारोदार फिरत होतीस, आज गच्ची तुझ्या बापाची झाली?"

माझ्या बापाने याच चाळीत राहून गिरणीच्या पाळ्या केल्या आणि खोकून खोकून शेवटचे दिवस काढले. मग मीही तोंडाला येईल ते बोलले. सेक्रेटरींनी हात जोडून बैठक उठवली.

दोन दिवसांनी दुपारी मी भांडायलाच वर गेले. दार उघडं होतं. काकी खाटेच्या कडेला, हात गुडघ्यांवर टेकून, श्वासासाठी धडपडत होत्या. बोटाने उशी दाखवली. उशीखाली दम्याचा पंप लपवलेला. तो हातात दिला, पाठ चोळत बसले. बऱ्याच वेळाने आवाज फुटला, तोही मालवणीतून.

"झिलाक सांगू नको गो. तो माका बदलापुराक घेऊन जातलो. थंय माका कोण वळाखता?"

त्यावर माझ्या डोक्यात पहिलं काय आलं ते लिहायला लाज वाटते. मुलाला एक फोन, की आठवड्यात गच्ची मोकळी. समोरच्याची गरज अशी आयती हाती आली की भाव पाडायचा, हे मी आजवर करत आले. फोन हातात होताही. पण पाच किलो मसाल्यात मी काय विकत घ्यायला निघाले होते ते तिथे बसल्यावर कळलं: या बाईचा श्वास आणि तिचं या चाळीतलं राहणं.

मग मीही खरं सांगितलं. माल संपत आलाय, शिवडीला जागा बघून आले, जमलं नाही.

"ह्यां आधी सांगूक काय झाला?"

"तुम्ही सांगितलंत?"

त्या हसल्या, आणि हसताना पुन्हा खोकल्या.

काकींना दम लागायचा तो मिरचीच्या खकाण्याने, आणि तो उडतो देठ काढताना आणि पोती भरताना. ती कामं दुकानात करायची ठरलं. गच्चीवर मिरच्या फक्त पसरायच्या, वाळल्या की चादरीतच बांधून खाली न्यायच्या. किल्ली काकींकडे. रोज सकाळी मी ती मागायची, आणि वारा खोलीकडे असला तर त्या नाही म्हणणार.

हंगाम निभावला, माल थोडा कमी पडला. यंदाही तसंच चाललंय. सगळं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेल्या बाईला रोज किल्ली मागणं सोपं नसतं. परवा त्या म्हणाल्या, "आज वारो इकडे आसा, उद्या घाल." मी चादरी घेऊन खाली उतरले.

बापावरून बोललेला शब्द मात्र त्यांनी मागे घेतलेला नाही. तो मला किती लागला हे त्यांना ठाऊकही नसेल, कारण तेवढं मी अजून सांगितलेलं नाही.