जावयाकडे ठेवलेला पिन

माझा पाय पेरूच्या बागेत मोडला असता तर चारचौघांत सांगायला तरी बरं होतं. तो मोडला घरात. कळंबच्या आमच्या घराला ओसरीवरून अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवलेल्या बाईनं त्या सकाळी दोनच मोजल्या आणि तिसरीवर घोटा मोडून घेतला.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. मुलगी बारामतीला राहते, तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, म्हणून माझी रवानगी तिच्याकडे झाली. मुलगी कॉलेजात शिकवते. जावई एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, मूळचे लोणी भापकरचे. अतिशय मर्यादशील माणूस. मला ‘मामी’ म्हणतात, आणि मी खोलीत असले तर पाय लांब करून बसत नाहीत. माझाच पाय दिवसभर उशीवर लांब पसरलेला असायचा, त्याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त संकोच वाटायचा.

सकाळी दोघं कामाला गेली की घरात मी, वॉकर आणि मोबाइल. वर्तमानपत्र दहापर्यंत संपायचं, जाहिरातींसकट. दुपारी यजमानांचा फोन यायचा.

“झाडावरच्या पेरूला पिशव्या घालायला बाया आल्यात. पाय कसा हाय?”

“आहे तिथंच आहे.”

“मंग बरं हाय.” एवढं बोलून ते ठेवायचे.

अशाच एका दुपारी कुठलासा भजनाचा व्हिडिओ बघताना मधेच जाहिरात आली. एक हसरी बाई पत्त्यांचा पंखा हातात धरून सांगत होती, की रमी खेळा, आल्याआल्या बोनस मिळवा. रमी म्हटल्यावर माझे कान टवकारले. माझं माहेर पळसदेवचं. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरून लांब गेलं की आम्ही भावंडं दुपारभर चिंचोके लावून रमी खेळायचो आणि मी भावांना लुटायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ती लूट आठवली आणि मी बोट टेकवलं.

पहिल्या दिवशी मी जिंकले. हीच खरी अडचण झाली. चाळीस का पन्नास रुपये असतील, पण पहिलं वेतन हातात पडलं तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. शेवटचं पान आलं, सीक्वेन्स जुळली, ‘डिक्लेअर’ दाबलं आणि फोनमध्ये फटाके वाजले. प्लास्टरमधल्या बाईसाठी कुणीतरी फटाके वाजवतंय, ही गोष्ट सोपी नाही.

आठवडाभरात हरायलाही लागले. मग हरलेलं भरून काढण्यासाठी खेळायला लागले. तो बोनस काही काढता येत नाही, तो फक्त खेळण्यातच घालवावा लागतो, हे मला बारीक अक्षरातले नियम वाचल्यावर कळलं, आणि नियम मी तिसऱ्या आठवड्यात वाचले. आयुष्यभर पोरांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून ओरडत आले होते. माझं पेन्शनचं खातं फोनला जोडलेलंच होतं. दोनशे टाकायला चार आकडी पिन पुरायचा, आणि पाचशे टाकायलाही तेवढाच. मुलगी घरी आली की मी भजन लावून ठेवायची. ती म्हणायची, “आई, तुझं देवाधर्माकडे फारच लक्ष वाढलंय.”

एकदा जावयांना सुटी होती. मी आत पलंगावर, ते बाल्कनीत. एका डावात मला असं पान आलं की भान सुटलं आणि मी “आलं, आलं!” असं मोठ्यानं ओरडले. पाय दुखावला समजून ते धावत आत आले. फोनमध्ये अजून फटाके वाजत होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं.

मग ते फरशीकडे बघत म्हणाले, “मामी, यात आठवड्याची मर्यादा लावायची सोय असते.”

“तुम्हाला काय माहीत?”

“नाही, म्हणजे… असतं.” त्यांचे कान लाल झाले होते. आणि त्याच वेळी त्यांच्या खिशातल्या फोनमधून आवाज आला, ‘तुमची टीम सामन्यासाठी सज्ज आहे.’

जावई क्रिकेटवर खेळत होते. अकरा खेळाडू निवडायचे, पैसे भरायचे आणि मग त्या अकरांच्या धावांवर आपलं नशीब टांगायचं. मुलगी घरी यायच्या आत त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि तेही उभं राहून. गेल्या वर्षी थोडे जिंकले होते, यंदा हरतायत, आणि बायकोला ‘ऑफिसचा ग्रुप आहे’ असं सांगितलंय. सासूसमोर जुगाराची कबुली देतानाही त्या माणसानं हात पाठीमागे बांधले होते.

त्या दिवसापासून आमची युती झाली. मुलगी घरात आली की ते बाहेरून मुद्दाम मोठ्यानं खोकायचे आणि मी भजन लावायची. एवढा जिव्हाळा आमच्यात लग्नाच्या आठ वर्षांत झाला नव्हता. मुलगी खूश होती. आईचं आणि नवऱ्याचं किती पटतं, असं मैत्रिणींना फोनवर सांगायची.

उघडकीला आलं ते वॉकरमुळे. तो भाड्यानं आणला होता आणि त्याचे पैसे माझ्या खात्यातून द्यायचे म्हणून मुलीनं माझा फोन घेतला. खात्यात पुरेशी रक्कम नव्हती. तिला वाटलं, कुणीतरी आईला फसवलं. ती घाबरून बँकेत निघाली, तेव्हा मला सांगावंच लागलं.

ती रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. तिनं माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं, फोनमध्ये खात्याचा उतारा उघडून दिला आणि म्हणाली, “तू गणिताच्या बाई ना? बेरीज कर.”

मी केली. एका महिन्याच्या पेन्शनहून थोडी जास्त भरली. दहा मिनिटं मला वाटत राहिलं की हातचा चुकलाय. पुन्हा केली, तेवढीच आली. डाव खेळताना ते दोनशे असतात, तीनशे असतात. एका खाली एक मांडल्यावर ती तुमची एवढ्या दिवसांची वागणूक असते. मला तोंड वर करवेना. मुलगी शेजारी बसली आणि तिनं पदराचं टोक माझ्या हातातून सोडवलं. मी ते कधीपासून पिळत होते, मलाच कळलं नव्हतं.

तेवढ्यात जावई दारातून म्हणाले, “माझीपण बेरीज करायला हवी.” मला एकटीला वर्गाबाहेर उभं राहू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांची बेरीज मुलीनं स्वतः केली. आकडा सांगितला नाही. पण त्या दिवशी घरात भाजीला फोडणी जरा जोरातच बसली.

दोघांनाही खेळ एकदम सोडवणार नाही, हे तिनं ओळखलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी बसून बंदोबस्त केला. पेन्शनचं खातं ॲपपासून तोडलं. आम्हा दोघांसाठी वेगळी छोटी खाती जोडली आणि प्रत्येकात करमणुकीपुरतेच पैसे ठेवले. ॲपमध्ये आठवड्याची मर्यादा लावली. अर्ध्या तासाचा गजर लावला. जिंकलं तर त्याच दिवशी काढून घ्यायचं, हरलं तर त्या आठवड्यात पुन्हा हात लावायचा नाही. इथपर्यंत कुणीही केलं असतं. पुढची चाल मात्र तिची स्वतःची.

“आईच्या खात्याचा पिन तुम्ही ठेवायचा,” ती नवऱ्याला म्हणाली, “आणि तुमचा आई ठेवील. पैसे टाकायचे असतील तर एकमेकांकडे मागायचे.”

आम्ही दोघंही हसलो. युतीतल्याच माणसाकडे किल्ली, म्हणजे चैनच, असं मला वाटलं.

पहिल्या सोमवारी मी दुपारपासून वाक्याची तयारी करत होते. ‘जावईबापू, जरा दोनशे रुपये टाकून द्या.’ यात ‘जरा’ बरा वाटत होता. पण कशासाठी टाकून द्या? पत्ते खेळायला. सासूनं जावयाकडे पत्ते खेळायला पैसे मागायचे! आमच्याकडे सासू जावयाला ओवाळते, टोपी-उपरणं देते, धोंड्याच्या महिन्यात अनारसे करून घालते. मागत नाही. ते शिफ्टवरून आले, मला पाणी आणून दिलं, “काही हवंय का मामी?” असं विचारलं. मी म्हणाले, “उशी जरा वर करा.”

त्यांचं काही वेगळं नव्हतं. शनिवारी सामना होता. सकाळपासून ते तीनदा चहा घेऊन आले. तिसऱ्या कपाला मी विचारलं, “टीम करायचीय का?”

“हां, म्हणजे… शंभरच.”

“गेल्या वेळच्या शंभराचं काय झालं?” मी सहज विचारलं होतं. पण बत्तीस वर्षांची सवय, आवाज गृहपाठ तपासतानाचा निघाला. त्यांनी कप उचलला आणि “राहू द्या मामी” म्हणून निघून गेले.

महिन्याभरात मी दोनदा मागितले, त्यांनी तीनदा. मुलगी दारात उभी राहून तमाशा बघायची आणि ओढणीत तोंड घालून हसायची.

त्यानंतर पैशांचे असे खेळ बंद करणारा कायदा आला. आमच्या ॲपनं कळवलं की शिल्लक काढून घ्या. मी काढली. सुटल्यासारखं वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडी हळहळही वाटली. प्लास्टर निघालं होतं, पण व्यायामासाठी मी अजून बारामतीतच होते. रविवारी यजमान पेरूची पिशवी घेऊन आले. सगळा प्रकार त्यांना मुलीनं केव्हाच सांगितला होता.

“आमी तितं पेरूला पिशव्या घालतोय,” ते सोफ्यावर टेकत म्हणाले, “आन् तू हितं पानं पिसतीस. बरं हाय, दोघांचाबी हात चालू हाय.”

मी उत्तर देणार तोच फोन वाजला. पलीकडे एक गोड आवाज. “मॅडम, खेळ बंद झालाय ना, तुमचे हरलेले पैसे कंपनी परत देतेय.” त्याला माझं नाव माहीत होतं, ॲपचं माहीत होतं. हरलेले पैसे म्हटल्यावर मी ताठ बसले. ती बेरीज माझ्या डोक्यात अजून तशीच मांडलेली होती. तो म्हणाला, एक ओटीपी आलाय, तेवढा सांगा. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. “चार… सात… एक…”

“कुणाला सांगतीस?” यजमानांनी विचारलं.

“पैसे परत देतायत.”

“मंग त्यानं द्यावं की. तुझ्याकडनं आकडं कशाला पायजेत? पेरूचा यापारी पैसं देताना आपल्याला कधी आकडं इचारतो व्हय?”

ज्या माणसाला फोनवर फक्त हिरवं आणि लाल बटण कळतं, त्यानं हात पुढे करून लालवर बोट ठेवलं. जावयांनी लगेच बँकेच्या कार्डामागचा नंबर लावून माझं खातं थांबवलं. पैसे गेले नव्हते. उरलेले तीन आकडे माझ्या जिभेवरच राहिले. त्या संध्याकाळी यजमानांनी किमान चार वेळा, वेगवेगळ्या निमित्तानं, मला “आकडं कशाला पायजेत” असं विचारलं. भाजीत मीठ किती घालू, असं मी विचारलं तरी.

पुढे मी कळंबला परत आले. काही दिवस दुपारी बोटं शिवशिवायची. तेव्हा मी काठी घेऊन बागेपर्यंत जायची आणि पिशव्या घालणाऱ्या बायांच्या गप्पांत बसायची.

थंडीत इंदापूरला आम्हा निवृत्त शिक्षकांचा मेळावा झाला. जेवणानंतर गप्पा निघाल्या, तेव्हा मी ही सगळी गोष्ट ‘माझ्या ओळखीच्या एक बाई’ म्हणून सांगितली. सगळे हसले. आमचे जुने मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांना हसताना तसंही कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मला काही वाटलं नाही. पण एसटी स्टँडवर ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “बाई, त्या तुमच्या ओळखीच्या बाईंनी… नक्की कसं सोडलं?”

“सर, ते खेळ तर आता बंद झालेत.”

“लिंकवर चालू हायत. एकानं ॲपची फाइल पाठवली होती.”

ज्यांच्यासमोर मी रजेचा अर्ज देताना घाबरायची, त्यांनी मुकाट्यानं फोन माझ्या हातात दिला. माझी बस लागली होती. मी ती जाऊ दिली. आम्ही बाकावर बसलो, ती फाइल आणि ते ॲप काढून टाकलं. ज्या खात्यातून पैसे जात होते, त्या बँकेत दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगायचं, पिन बदलायचा, असं ठरलं. मग मी विचारलं, “घरात असं कोण आहे, ज्याच्याकडे याच्यासाठी पैसे मागायची तुम्हाला लाज वाटेल?”

सरांनी बराच विचार केला. मुलगा नको म्हणाले, तो ओरडेल. बायको नको म्हणाले, तिला कळलेलंच नाही.

“सूनबाई,” शेवटी ते म्हणाले. “माझ्यासमोर ती मोठ्यानं बोलत न्हाय. मीबी तिच्यासमोर…”

“मग पेन्शनचा हिशेब तिच्याकडे द्या.”

त्यांनी मान डोलावली. त्यांची बस आली. पायरीवर चढता चढता ते थांबले आणि वळून, शाळेतल्याच आवाजात म्हणाले, “आणि बाई, हे मेळाव्यात सांगू नका.”

“नाही सर,” मी म्हणाले. “सांगितलंच तर ओळखीचे एक गृहस्थ म्हणीन.”

ते हसले. मी पाहिलं.