बेचक्याचा कटोरा

माझ्याकडे दोन लाकडी कटोरे आहेत. दोन्ही बाभळीचे, एकाच बेचक्यातून निघालेले, आणि दोन्हींच्या काठाला अजून साल आहे. घरात नवी सून आली की पहिल्या आठवड्यात विचारतेच, "अत्या, ह्याची साल काढायची राहिली का?" मी "व्हय, राहिली" म्हणते आणि विषय बदलते. एरवी माझ्या तोंडाला घर भितं, पण या कटोऱ्यांपुढे मी मूग गिळून बसते. आता कुणाची भीडभाड उरली नाही, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

माझे वडील, म्हणजे अप्पा, खरादी होते. बीदरकडच्या संतपूरपासून जवळच आमचं खेडं. पोळपाट, लाटणी, पाळण्याचे खूर, पोरांचे भोवरे असलं काम. आई मी लहान असतानाच गेली. खरादीच्या कामाला दोन माणसं लागतात. दोन लोखंडी टोकांमध्ये एक लाट, म्हणजे गोल लाकडी दांडा, आडवी बसवायची, तिच्या तोंडाला लाखेनं ठोकळा चिकटवायचा, लाटेला दोरीचे दोन वेढे द्यायचे. एकानं दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची आणि दुसऱ्यानं हत्यार धरायचं. आधी दोरी आई ओढायची, मग मी ओढायला लागले. लाकूड एकदा इकडे फिरतं, एकदा तिकडे. अप्पांकडे फिरलं की हत्यार लागायचं, उलटं फिरलं की ते हत्यार केसभर मागे घ्यायचे. हे बोलून ठरत नाही. माझा हात ढिला पडला की त्यांना मान वर न करता कळायचं आणि ते विचारायचे, "भूक लागली काय गं?"

माझं लग्न ठरलं त्या थंडीत चिंताकीकडच्या एका शेतकऱ्यानं वखरासाठी बाभूळ तोडली. त्याला सरळ लाकूड हवं होतं. खोडाला दोन फांद्या फुटतात तिथलं बेचकं बांधावर पडून होतं, ते अप्पांनी खांद्यावर टाकून आणलं. करवतीनं मधोमध उभं चिरलं, तर आत दोन ओढे मिळावेत तशा रेघा. कडेचं लाकूड पिवळसर, आतलं लाल. मी बघतच राहिले.

अप्पांनी चिरलेली बाजू लाटेला चिकटवायची ठरवली, म्हणजे सालीची बाजू वर, कटोऱ्याचं तोंड तिकडं. आणि साल तासायला तासणी उचलली. मी म्हटलं, "अप्पा, साल ऱ्हाऊ द्या की."

"कामून?"

"चांगली दिसायलीय."

"खुळी का काय? लोक म्हनतील, खरादी अर्ध्यावर काम टाकून पळाला."

मी दोरी खाली टाकली आणि चुलीपाशी जाऊन बसले. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. दोन घटका मी चुलीतली राख उकरत राहिले. मग ते दारात येऊन म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ दे तुझी साल. थंडीत तोडलंय, धरून ऱ्हाईल बहुतेक. पर दोरीला झटका दिलास तर सगळी उडून जाईल, सांगून ठेवतो."

तसलं काम आम्ही कधी केलं नव्हतं. ठोकळा गोल नव्हताच. एक बुंध्याचा उंचवटा, दोन फांद्यांचे दोन, आणि मध्ये खोलगट. हत्यार लाकडाला लागायचं, मग नुसत्या हवेत, मग परत लाकडाला. टक् टक् टक् असा आवाज सुरू झाला. अप्पांचा अंगठा त्या फिरत्या उंचवट्यांपासून गव्हाच्या दाण्याएवढा लांब. मी श्वास धरून ओढत होते. दुसऱ्या कटोऱ्याच्या वेळी मात्र वाटेनं वाजंत्री चालली होती, ती बघायला मान वळवली आणि दोरीला झटका बसला. अप्पांचं नख उभं चिरलं. त्यांनी अंगठा तोंडात घातला आणि म्हणाले, "साल शाबूत हाय. ओढ." ते नख पुढे कायम मध्ये उभी रेघ घेऊनच वाढलं.

दोन्ही कटोऱ्यांना करडईचं तेल पाजलं. एक माझ्या रुखवतात ठेवला, एक अप्पांनी ठेवून घेतला, तो त्यांच्या माघारी माझ्याकडे आला. म्हणजे ती साल माझ्या हट्टाची होती, हे ध्यानात ठेवा.

सासर गाणगापूरचं. तेही खरादीचंच घर, पण देवाच्या गावातलं. दुकानात पादुका, माळेच्या डब्या, लाखेचं रोगण दिलेल्या लालपिवळ्या फिरक्या, सगळं चकचकीत. लग्नानंतर चार दिवसांनी सासूबाईंनी रुखवतातला कटोरा चार बायकांसमोर उचलून धरला. "अगं बाई, साल काढाय येळ गावला न्हाई व्हय तुझ्या अप्पाला?" बायका फिदीफिदी हसल्या.

मी म्हणू शकले असते की तो माझा हट्ट होता. माझी जीभ काही कुणाला भिणारी नव्हती. पण मी म्हणाले, "अप्पांना आताशा नीट दिसत न्हाई."

कटोरा गोठ्यात गेला, कोंडा काढायला. तिथून तो उचलून आणायची हिंमत मला झाली नाही. खरं म्हणजे इच्छाच झाली नाही. तो डोळ्यांआड गेला हेच बरं वाटलं.

त्या वेळी आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीही पीत नसे. जेवण तर लांबच. म्हणून अप्पा येत नव्हते. येऊन उंबऱ्याबाहेर तहानलेलं बसायचं, त्यापेक्षा न आलेलं बरं, असं ते म्हणायचे म्हणे. बीदरहून येणाऱ्या एका यात्रेकरूनं सांगितलं की ते आता एका हातानं दोरी बांधलेली कमान ओढतात, दुसऱ्या हातानं नि पायाच्या अंगठ्यानं हत्यार धरतात. भोवरे आणि लाटणी तेवढी होतात. दोरी ओढायला कुणी नव्हतं. हे ऐकून मी रडले, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारणीला सांगितलं की आमच्या अप्पांकडे दोरीवर दोन गडी आहेत. का सांगितलं? सासरच्या चकचकीत दुकानापुढे माहेर फिकं वाटत होतं म्हणून. एकदा सांगितलं की ते वाढतच जातं. पुढे माझ्या सांगण्यात बीदरच्या तालुकदारसाहेबांच्या बंगल्यावर आमचे कटोरे जायला लागले.

दीड वर्षानं एका पुनवेला नणंदेला बघायला गुलबर्ग्याची मंडळी आली होती. गावात यात्रेची दाटी. सकाळीच जावेनं घरच्यांसाठी ज्वारीच्या भाकऱ्या थापून दुरडीत टाकल्या होत्या. पाहुण्यांच्या पुरणपोळ्या माझ्याकडे होत्या, कारण पोळी माझीच चांगली व्हायची, हे सासूबाईही मानत. चुलीपुढे बसून मी पोळ्या लाटत होते आणि मुलाच्या आईला अप्पांच्या दोन गड्यांची नि तालुकदारसाहेबांच्या बंगल्याची गोष्ट सांगत होते. ती बाई डोळे मोठे करून ऐकत होती.

तेवढ्यात दारात आवाज आला, "भिक्षा वाढा माय."

ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते. गाणगापुरात यात्रेकरूनं दुपारी पाच घरी माधुकरी मागायची. तो लखपती असो नाहीतर मजूर. सोन्याच्या अंगठ्या घातलेले सोलापूरचे व्यापारी मी आमच्या दारात भाकरतुकड्यासाठी उभे पाहिले आहेत, हैदराबादचे वकील पाहिले आहेत. दुपारच्या वेळी महाराज कुठल्याही रूपात भिक्षेला येतात, म्हणून वाढणाऱ्यानं नाव, गाव, जात विचारायची नाही. त्या गावात मागण्याची कुणाला लाज नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "जा गं, वाढ जा." मी पिठाचे हात पुसत बाहेर गेले, आणि आधी कटोरा दिसला. तीन उंचवट्यांचा, सालीच्या काठाचा. त्याच्यावर धरलेला अंगठा, नखाला मध्ये रेघ. डोक्यावरून उपरणं पुढे ओढलेलं, पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे. स्टेशनापासून चालत आले असणार.

आतून मुलाच्या आईनं मान लांब करून पाहिलं. "अय्या, कसला गं त्यो कटोरा? सालीचा?"

सासूबाईंची दाराकडे पाठ होती. त्या म्हणाल्या, "आमच्या सूनबाईच्या म्हायेरचा बी असलाच हाय. कोन हाय गं? वळखीचं हाय काय कोन?"

एका शब्दाचं काम होतं. "अप्पा" एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते दोन गडी आणि तो बंगला उभा राहिला. बंगल्याला कटोरे पुरवणारा माणूस अनवाणी, फाटक्या बंडीत दारात. मला भीती वाटली. ती बापासाठी नव्हती, माझ्या थापेसाठी होती.

मी म्हणाले, "न्हाई. यात्रेचा हाय कोन तरी."

ते हातभर अंतरावर होते. ऐकू न जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी आत वळले. तव्यावर माझी पोळी फुगलेली होती, ताटात आठ झालेल्या होत्या. पण पोळी घ्यायची तर पाहुण्यांसमोरून घ्यावी लागली असती, वेळ गेला असता, कुणी काही विचारलं असतं. दाराशी दुरडी होती. तिच्यातली वरची अर्धी भाकरी उचलली, कटोऱ्यात टाकली. वर पाहिलं नाही. त्यांनीही उपरणं मागे सारलं नाही. "कल्याण होऊ दे" म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले. माझ्या बापाला मी दारातून घालवलं, आणि आत येऊन पोळी उलटली.

मंडळी गेल्यावर मी पाणी आणायचं निमित्त करून नद्यांच्या संगमापर्यंत पळाले. तिथं शेकडो माणसं झाडांखाली बसून माधुकरी खात होती. ते सापडले नाहीत.

पुढचे आठ महिने मी निरोपाची वाट पाहिली. रागाचा निरोप आला असता तर बरं वाटलं असतं. मग मला दिवस गेले आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले. अप्पांनी गाडीतून उतरवून घेताना नेहमीसारखं "भूक लागली काय गं?" विचारलं. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. रात्रंदिवस कबूल करायचं घोकत होते. एका सकाळी धीर करून म्हटलं, "अप्पा, त्या पुनवेला..."

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"त्येच म्हनायलो मी! लई शहाणी तू. वळख दावली न्हाईस. दावली आसतीस तर ती लेकीच्या घरची भाकर झाली आसती, मला खाता आली नसती. दीड वरीस डोस्कं खाजवून मी ती युक्ती काढली व्हती. माधुकरी म्हंजे म्हाराजांची भाकर, तिला लेकीचं घर न्हाई. मला भ्या वाटायलं, तू 'अप्पा' म्हनून हाक मारशील आन सगळं वाया जाईल. पर तू बरोबर वळखलंस. एका दोरीला हात लावलेली मानसं आपन."

मी हो म्हटलं. मान हलवून चक्क हो म्हटलं. बापानं आपण होऊन दिलेला मोठेपणा मी उचलला आणि पदरात बांधला. त्यांनी ती गोष्ट गावभर सांगितली. बाळ झाल्यावर शेजारपाजारच्या बायका मला बघायला आल्या की म्हणायच्या, "लेक असावी तर अशी." मी बाळाकडे बघत बसायचे.

आता मूल झालं होतं, त्यांची वाट मोकळी झाली. निजामाचं राज्य जायच्या आधी ते चार-पाच वेळा गाणगापूरला आले. मी गोठ्यातला कटोरा काढून, घासून, तेल पाजून ठेवला होता. त्यांच्यासमोर सासूबाईंना मोठ्यानं सांगितलं की साल माझ्या हट्टानं राहिलीय, अप्पांची नजर चांगली आहे. तेवढं फेडलं. दोन गड्यांचं आणि बंगल्याचंही खोटं होतं, हे सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "ते आम्हाला कवाच ठाव हाय." पण त्या पुनवेचं मात्र सांगितलं नाही. दर वेळी म्हणायचे, उद्या सांगू.

शेवटचे आले तेव्हा मी जीव ओतून स्वयंपाक केला. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, बोटं चाटली. मग समोरच्या सालीच्या काठावरून रेघेचा अंगठा फिरवत म्हणाले, "समदं बेस झालंय. पर त्या दिशीच्या भाकरीची सर न्हाई बघ. संगमावर बसून खाल्ली. पयल्या घासालाच कळलं, माझ्या लेकीच्या हातची हाय म्हनून."

जाऊ तिथंच तूप वाढत उभी होती. तिला काही ठाऊक नव्हतं. त्या सकाळी भाकऱ्या थापलेल्या तिच्या हातांकडे मी पाहिलं आणि अप्पांना म्हटलं, "अजून एक वाढू का?"