वेचून धाडलेल्या बिया

गेल्या वर्षी काजूचा हंगाम तोंडावर आला असताना आमच्या कुडाळच्या शेडने यंत्राच्या पात्यांसाठी व्हिएतनाममधली एक पुरवठादार बाई निवडली. चीनमधल्या दुसऱ्या पुरवठादाराची पाती तोवर तयार होती आणि स्वस्तही होती.

शेड माझ्या थोरल्या भावाची. तिथे काजूच्या बिया फोडायची यंत्रं बनतात. सांगाडा, दांडा, पायपट्टी हे सगळं दादा आणि त्याचे कामगार करतात. पाती मात्र बाहेरून येतात. बी दोन वाकड्या पात्यांमध्ये सापडते, टरफल चिरलं जातं आणि आतला गर अख्खा सुटतो. आदल्या हंगामातली पाती जास्त खोल जात होती आणि गराचे तुकडे पडत होते. कुणकेश्वरच्या वाटेवर बायकांचा एक बचतगट काजू फोडतो. त्यांच्याकडे आमची यंत्रं आहेत. गट चालवणाऱ्या बाई शेडमध्ये येऊन दादाला म्हणाल्या, "अख्ख्या गराक गिऱ्हाईक आसा. तुकडो कोण घेता? ह्या वर्साक पाती बरी नाय दिलंस, तर तुझी मशिनां उचलून घेवन जा."

ती यंत्रं परत आली असती तर दादा शेड बंद करून गोव्यात नोकरी बघणार होता. घरात त्याने तसं सांगून टाकलं होतं.

पत्रव्यवहार माझ्याकडे होता. दोन्ही पुरवठादारांनी बियांचा नमुना मागितला, कारण पात्याचा बाक बीच्या मापावरून ठरतो. वाफवून सुकवलेल्या बियांचे दोन डबे भरले, लागणारे दाखले मी ओरोसला, जिल्ह्याच्या कचेऱ्यांत, फेऱ्या मारून मिळवले, आणि डबे रवाना झाले.

चीनहून पात्यांचे नमुने लवकर आले. सोबतच्या व्हिडिओत आमच्याच बियांमधून एकामागून एक अख्खे गर निघताना दिसत होते. दादाने तो व्हिडिओ कामगारांना पुन्हा पुन्हा दाखवला. व्हिएतनामहून पाती आली नाहीत. फक्त एक फोटो आला. त्यात आमच्या बिया पांढऱ्या कापडावर ओळीने मांडलेल्या होत्या. खाली, फोनने भाषांतर करून दिलेल्या इंग्रजीत, एक प्रश्न होता: तुमच्या झाडांना सगळ्या बिया एकाच मापाच्या लागतात का?

"बगलंस गो?" दादा मला म्हणाला. "माल हातात घेवन वर शंका. आमी काय तिका खोटे दिसतो?"

वहिनी जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये आली होती. तिने फोटो पाहिला. "वन्सं, सारख्यो नाय असतल्यो तर काय? मीच वेचलंय त्यो."

"वेचलंस?" दादा.

"तर! परदेशात जातलो माल तो. बारक्यो, मुरडलेल्यो बियो घालून धाडूच्यो? ती बाय काय म्हणतली, ह्येंच्याकडे असल्योच पिकतत?"

"अगो, सोयरिक जुळवूची नाय होती, पात्याचा माप घेवचा होता!"

"मगे तसा सांगूचा होतास. निवडताना माझे डोळे गेले."

आमच्याकडे घराबाहेर जाणारी वस्तू अशीच जाते. पेटीतला आंबा असो की शेजारी द्यायचे फणसाचे गरे, डागी ते घरात राहतं. डबे भरताना घरातल्या कोणालाच त्यात वावगं दिसलं नव्हतं.

चीनची पाती दादाने त्याच दुपारी यंत्रावर चढवली आणि पोत्यातल्या न वेचलेल्या बिया घातल्या. मोठ्या बियांचे गर अख्खे आले. बारक्या बिया पात्यांमधून न चिरता तशाच खाली पडल्या. पात्यांत खोट नव्हती. पाठवलेल्या बियांना ती चोख बसत होती.

मी दोघांनाही झालेला प्रकार कळवला. चीनच्या कंपनीचं उत्तर सभ्य होतं: नवीन माप घेऊ, पण हातातली कामं संपल्यावर. म्हणजे आमचा अर्धा हंगाम उलटल्यावर. व्हिएतनामच्या बाईंनी व्हिडिओ कॉल केला. पन्नाशीच्या असाव्यात, मागे त्यांचा कारखाना चालू होता. पोत्याच्या तळातल्या, मधल्या, वरच्या सगळ्या बिया पाठवा, त्यातली एकही वेचू नका, असं त्यांनी हाताने खुणा करत सांगितलं. वहिनी माझ्या मागे उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसली. ते पाहून त्याही हसल्या.

त्या बिया पोचल्यावर त्यांनी एकाऐवजी दोन बाकांची पाती सुचवली, आणि बिया आधी मापाने वेगळ्या करायला एक चाळण. वेळेत माल येईल याची हमी मात्र कोणी देत नव्हतं. दादा संध्याकाळी म्हणाला, "जिना इचारला, तिकाच देवया."

गटापुरत्या पात्यांच्या जोड्या आणि चाळण त्या बाईंनी बोटीची वाट न पाहता विमानाने पाठवल्या. आम्ही तसं मागितलं नव्हतं. आमची मागणी त्यांच्या कारखान्याच्या मानाने किरकोळ होती, आणि नमुन्यावर बोट ठेवून आमचा राग ओढवून घ्यायची त्यांना गरज नव्हती. त्यांचं नाव आमच्या घरात कोणाला नीट उच्चारता येत नाही. त्यांना सगळे 'पात्यांची बाय' म्हणतात. चतुर्थीला वहिनीने त्यांना आरतीचा व्हिडिओ पाठवला; उलट टपाली त्यांच्याकडून हात जोडलेलं चित्र आलं.

पाती बसवायला दादाबरोबर मीही गटाकडे गेले होते. बायकांनी बिया चाळल्या, पहिला घाणा फोडला. गट चालवणाऱ्या बाईंनी ताटातले गर बोटांनी पसरले. तुकडे होते, पण थोडे.

"ही पाती करतली बाईलमाणूस मां?" त्यांनी दादाला विचारलं.

"होय."

"मगे इतकी वर्सा तू खंय फिरत होतंस रे?"

बायका हसल्या. दादाही हसला. यंत्रं तिथेच राहिली आणि हंगाम संपेपर्यंत चालली.

यंदा पावसाळ्याआधी गटाने आणखी एक यंत्र सांगितलं. त्याचा सांगाडा शेडमध्ये उभा आहे. पाती व्हिएतनामहून निघाल्याचा निरोप परवा आला.